कानाखालच्या गाठीची सुई-तपासणी वाया जाऊ नये म्हणून

आधी सोनोग्राफी, मग सुई. कानाखालची प्रत्येक गाठ लाळग्रंथीची नसते. ग्रंथीच्या आतच लिम्फच्या गाठी असतात आणि आपल्याकडे त्यांत टीबीही सापडतो. जबड्याखाली जेवताना सूज येऊन दुखत असेल तर आधी लाळेच्या नळीतला खडा शोधा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा, पण त्या परस्पर बंद करू नका.

सुई २३ किंवा २५ गेजची, सिरिंज १० मिलीची. पहिल्यांदा सिरिंजच्या दट्ट्याने ओढ न देताच सुई गाठीत ५–१० सेकंद भराभर मागे-पुढे करावी. रक्त कमी येतं. सुईच्या मागच्या प्लास्टिकच्या भागात (हब) रक्त दिसताच थांबा. ओढ दिली असेल तर सुई बाहेर काढण्याआधी ओढ सोडा, नाहीतर जेमतेम मिळालेला नमुना सिरिंजमध्ये उडतो. वेगवेगळ्या जागांतून दोन-तीनदा घ्या, नंतर पाच मिनिटं दाबून धरा.

खरी नासाडी काचेवर होते. अर्ध्या स्लाइड लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, अर्ध्या हवेवर वाळवून गिम्सा या रंगासाठी. ठाण्यात जुलैच्या दमटपणात स्लाइड वाळत नाही आणि पेशी बिघडतात. छोटा पंखा जवळ ठेवा. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा या लाळग्रंथीच्या साध्या गाठीतला गुलाबी-जांभळा तंतुमय गर गिम्सावरच उठून दिसतो. उरलेला नमुना सेल ब्लॉकसाठी (पेशी मेणात बसवून काप घेण्यासाठी) फॉर्मेलिनमध्ये. टीबीची शंका असेल तर सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) वेगळा नमुना सलाइनमध्ये, तिथे फॉर्मेलिन चालत नाही.

गाठीत पाणी निघालं तर खरी सावधगिरी इथे हवी. पाणी पूर्ण काढा, पुन्हा चाचपा, सोनोग्राफीत उरलेल्या घट्ट भागात दुसरी सुई घाला. म्युकोएपिडर्मॉइड हा लाळग्रंथीचा कॅन्सर कमी आक्रमक असेल तर कधीकधी नुसता चिकट द्रव देतो, आणि ‘साधी पाण्याची गाठ’ म्हणून घरी जातो.

रिपोर्ट मिलान पद्धतीने (लाळग्रंथीच्या सुई-तपासणीचे निकाल लिहिण्याची ठरलेली पद्धत, २०१८, सुधारित २०२३) सहा गटांत मागा. पहिला गट म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, ‘कळलं नाही’. सोनोग्राफीत ठळक गाठ आणि स्लाइडवर फक्त नेहमीच्या लाळपेशी, तर बहुधा सुई बाजूला गेली, पुन्हा करा. लिम्फोमाची (लिम्फ पेशींच्या कॅन्सरची) शंका असेल किंवा चौथ्या गटातली, साधी की कॅन्सरची हे न ठरणारी गाठ असेल तर १८–२० गेजच्या जाड सुईने बारीक तुकडा घेणारी कोअर बायोप्सी, भूल देऊन आणि सोनोग्राफीखाली, कारण चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते. बाहेरून चीर देऊन तुकडा मात्र काढू नये. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाचं आवरण फुटलं की पेशी सांडतात, आणि वर्षांनंतर तिथेच छोट्या छोट्या गाठी उगवतात.

खारघरला टाटाच्या केंद्रात किंवा इतरत्र दुसरं मत घ्यायचं तर रिपोर्टचा फोटो पुरत नाही. मूळ स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडून सही करून घ्या, प्लास्टिकच्या स्लाइड-बॉक्समध्ये ठेवा. कागदात गुंडाळलेली काच लोकलच्या गर्दीत टिकत नाही.