मंडळाच्या कार्यक्रमात भूमीस्मरण कसं करावं

टोरांटोत मराठी कार्यक्रमांचं निवेदन मी बरीच वर्षं करते. भूमीस्मरण म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीला, ही जमीन मुळात ज्यांची त्या मूलनिवासींची नावं घेणं (लँड अ‍ॅक्नॉलेजमेंट). पहिल्यांदा ते माझ्याकडे आलं, तेव्हा महापालिकेचं निवेदन फोनवरून घडाघडा वाचून टाकलं. मध्यंतरात चहाच्या रांगेत एका काकूंनी विचारलं, "मिसिसागा म्हणजे आपलं शेजारचं शहरच ना गं?" मला उत्तर देता येईना. तेव्हापासून मी तयारी करूनच उभी राहते.

आधी या मूलनिवासी समाजांची नावं. ती देवनागरीत, स्वतःच्या हातानं कार्डावर उतरवा: मिसिसागाज ऑफ द क्रेडिट, अनिशिनाबे, चिपेवा, हो-दि-नो-शो-नी, वेंडॅट. घरी मोठ्यानं म्हणून बघा. आपलं आडनाव कुणी चुकीचं उच्चारलं की कसं टोचतं, ते आठवा.

मग क्रियापदं. "इथे मूलनिवासी राहत होते" असं कधीही म्हणू नका. ते आहेत. मिसिसागांना १८४७ साली हेगर्सव्हिलजवळ जावं लागलं आणि त्यांची वस्ती आजही तिथे आहे. शेजारच्या शहराला नाव त्यांचंच. 'क्रेडिट' हे नदीचं नाव, तिथले व्यापारी त्यांना उधारीवर माल देत, त्यावरून पडलेलं.

कराराबद्दल एक-दोन वाक्यं हवीतच, नाहीतर सगळं गुळगुळीत होतं. मी एवढं सांगते: इंग्रजांनी मिसिसागांकडून टोरांटोची जमीन घेतली, त्या १७८७च्या खरेदीचा कागद पुढे कोराच निघाला. म्हणून १८०५ मध्ये त्यांच्याकडून पुन्हा सह्या घेतल्या, २,५०,००० एकरांहून जास्त जमीन आणि मोबदला १० शिलिंग. हाच तेरावा करार. भरपाईचे १४.५ कोटी डॉलर मिळायला २०१० उजाडलं. आकडे सांगितले की सभागृह शांत होतं, हे मी दरवेळी पाहिलंय.

"हे आपण कशाला करायचं?" असं कुणी विचारलं, तर मी आजीनं शिकवलेला श्लोक म्हणते, पलंगावरून पाय खाली टेकवण्याआधीचा: समुद्रवसने देवि... पादस्पर्शं क्षमस्व मे. पाऊल ठेवायच्या आधी जमिनीची क्षमा मागणाऱ्या घरात आपण वाढलो. इथे त्या जमिनीच्या माणसांची नावंही घ्यायची, एवढंच.

दीपप्रज्वलनाच्या आधी म्हणा, सावकाश, दीड मिनिटात. आणि 'या भूमीवर तुमचं स्वागत' हे शब्द टाळा. स्वागत यजमान करतात, आपण पाहुणे.

खरं स्वागत हवं असेल तर मूलनिवासींमधल्या एखाद्या ज्येष्ठांना बोलवा. निदान दोन महिने आधी विचारा. विनंती करताना तंबाखूची छोटी पुरचुंडी हातात द्यायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. आपण अक्षत घेऊन जातो तशी. त्यांच्याकडे काय चालतं, हे आधीच विचारून घ्या. मानधनाचं पाकीट वेगळं, ते त्याच दिवशी द्या, खजिनदारांच्या सहीसाठी त्यांना ताटकळत ठेवू नका. आणि जेवायला पहिल्या पंगतीत बसवा.