उष्ण ऋतूतील गवताची हिरवळ: वर्षभराची निगा

हिरवळ राखताना सर्वांत जास्त चुका होतात त्या ती पिवळी पडल्यावर, आणि त्यांतील बहुतेक काळजीपोटीच होतात. पाती तपकिरी दिसू लागली की आपण पाणी वाढवतो, खताची मूठ टाकतो, आणि ज्या गवताला त्या वेळी स्वस्थ निजू द्यायला हवे होते त्याला नाहक जागे करतो. बर्म्युडा, म्हणजे शेतात तण म्हणून उपटली जाणारी आपली हरळी, झॉयशिया, सेंट ऑगस्टिन आणि सेंटिपीड ही सारी उष्ण ऋतूत वाढणारी गवते होत. हवेचे तापमान २७ ते ३५ अंश सेल्सिअस असताना ती जोमाने वाढतात आणि माती सुमारे १० ते १३ अंशांपर्यंत थंड झाली की सुप्तावस्थेत जातात. त्यामुळे कामांचे वेळापत्रक दिनदर्शिकेवरून न आखता मातीवरून आखावे. सळईसारखा टोकदार तापमापक रोज सकाळी ठरलेल्या वेळी १० सेंटिमीटर खोल रोवून आकडा टिपून ठेवला, तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

थंडी ओसरून मातीचे तापमान १२-१३ अंशांवर टिकू लागले की गवताच्या आधी उन्हाळी तणांचे बी रुजू लागते. उगवणीपूर्वी वापरायचे तणनाशक याच सुमारास द्यावे लागते, कारण तण उगवून आल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मात्र त्याच हंगामात गवताचे बी पेरायचे असेल तर हे तणनाशक टाळावे. ते तणाचे बी आणि गवताचे बी यांत भेद करत नाही. लव्हाळ्यावर या औषधांची मात्रा सहसा चालत नाही, त्यासाठी वेगळे तणनाशक लागते.

माती १८ अंशांच्या आसपास पोहोचली की हिरवे कोंब दिसू लागतात, आणि खरा संयम इथे लागतो. हे पहिले कोंब मुळांत व खोडांत साठलेल्या अन्नावर फुटलेले असतात, नवी मुळे अजून कामाला लागलेली नसतात. एका वर्षी मी पहिली हिरवी छटा पाहताच युरिया टाकला, कोवळी पाती तरारून वर आली, आणि आठवड्याभराने परतलेल्या थंडीने ती सगळी करपवली. तेव्हापासून हिरवळ पूर्ण हिरवी होऊन तिची दोन-तीन वेळा कापणी झाल्याशिवाय मी खताच्या पोत्याला हात लावत नाही. या काळात हरळीवर करण्याजोगे काम एकच: कडाक्याची थंडी परतण्याची भीती संपली की जुनी वाळकी पाती एकदा अगदी खालून कापून उचलून टाकावीत, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोहोचते. सेंट ऑगस्टिन आणि सेंटिपीडवर हा प्रयोग करू नये. हरळीची खोडे जमिनीखालीही पसरलेली असल्याने ती पुन्हा फुटते. या दोघांची खोडे जमिनीवरूनच धावतात, आणि ती छाटली गेली तर फुटायला मागे काही उरत नाही.

खताचे प्रमाण डोळ्यांनी नव्हे, हिशेबाने ठरवावे. एका हप्त्याला दर चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र ही वरची मर्यादा समजावी. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे १०० चौरस मीटरला सुमारे १.१ किलो युरिया झाला; तो लगेच विरघळणारा असल्याने दोनदा विभागून दिलेला बरा. निम्मे खत लांबीच्या दिशेने आणि निम्मे रुंदीच्या दिशेने फेकावे, नाहीतर पट्टे उमटतात, आणि लगेच पाणी द्यावे, नाहीतर पाती जळतात. हरळी वाढीच्या काळात असे अनेक हप्ते पचवते, तर सेंटिपीडला वर्षाला एक-दोन पुरतात; त्याहून अधिक दिल्यास ते हळूहळू खंगते.

भर उन्हाळ्यात हिरवळीचे खरे औषध म्हणजे कापणी. हरळी आणि झॉयशिया साधारण २.५ ते ५ सेंटिमीटरवर, तर सेंट ऑगस्टिन ६ ते १० सेंटिमीटरवर राखावे, आणि एका कापणीत उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक पाते घेऊ नये. ३ सेंटिमीटर उंची राखायची असेल तर गवत ४.५ सेंटिमीटर होण्याआधी यंत्र फिरवलेच पाहिजे. कापणीनंतर दुसऱ्या दिवशी एक पाते तोडून त्याचे टोक जवळून पाहावे. टोक सरळ छाटलेले असेल तर यंत्राला धार आहे. पांढुरके तंतू लोंबत असतील तर पाते कापले गेलेले नाही, फाडले गेले आहे. कापलेले बारीक गवत तिथेच पडू द्यावे, त्यातील नत्र मातीत परत जाते.

पाणी थोडे थोडे रोज न देता आठवड्यातून एक-दोनदा भरपूर द्यावे, तेही पहाटे, म्हणजे मुळे खोल जातात आणि पाती रात्रभर ओली राहत नाहीत. आठवड्याला पावसासह एकूण सुमारे २५ मिलिमीटर पाणी पुरते, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. तुषार सिंचन असेल तर सरळ कडांचे पाच-सहा डबे हिरवळीवर ठेवून १५ मिनिटांत किती पाणी साचते ते पट्टीने मोजावे; कोपऱ्यातल्या डब्यात निम्मेच पाणी आढळले तर तिथल्या पिवळेपणाचे कारण कळलेच. चालल्यावर पावलांचे ठसे उठून राहिले आणि पाती निळसर करडी दिसू लागली, की पाणी द्यावे.

चाकूने जमिनीचा लहानसा तुकडा कापून पाहिल्यास पाती आणि माती यांच्यामध्ये वाळक्या खोड-मुळांचा थर दिसतो. तो सव्वा सेंटिमीटरहून जाड झाला असेल तर पाणी वरच्यावर अडते. हा थर विंचरून काढणे आणि पोकळ दात्यांच्या यंत्राने माती भोके पाडून मोकळी करणे ही दोन्ही कामे गवत जोमात असतानाच, जमिनीला वाफसा आल्यावर, म्हणजे ती ओलसर पण चिखलट नसताना, करावीत, म्हणजे झालेली जखम लवकर भरते. गवताचा तुकडा सतरंजीसारखा सहज उचलला गेला, तर मात्र मुळाशी हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, शोधावी.

पहिल्या कडक थंडीच्या सहा ते आठ आठवडे आधी नत्र थांबवावे आणि कापणीची उंची किंचित वाढवावी. पालाश (पोटॅश) माती परीक्षणात कमी आढळले तरच द्यावे. या दिवसांत माती गार आणि ओली राहिली की बुरशीचे गोल डाग पडतात. त्यावर पहिला उपाय म्हणजे पाणी कमी करणे. पानगळ साचू देऊ नये.

त्यानंतर गवत तपकिरी होईल, आणि ते होऊ द्यावे. शंका वाटल्यास एक झुबका ओढून पाहावा. तो घट्ट रोवलेला असेल आणि बुडखा पांढरट हिरवा असेल तर गवत जिवंत आहे. महिनाभर पाऊस नसेल तर एकदा पाणी द्यावे, आणि पाती गोठलेली असताना त्यांवरून चालू नये. हिवाळ्यात हिरवा रंग हवाच म्हणून काही जण वरून राय गवत पेरतात, परंतु ते उन्हाळ्याच्या तोंडी मूळ गवताशीच ऊन-पाण्यासाठी भांडते, म्हणून मला तो सौदा महाग वाटतो. जिथे कडक थंडी पडतच नाही तिथे वाढ केवळ मंदावते. तिथे कापणीचे अंतर वाढवले की पुरे. याच निवांत आठवड्यांत यंत्राचे पाते काढून त्याला धार लावून ठेवावी.