अंतराळातील मोजणीवरून कळसूबाईचा समोच्चरेषा-नकाशा कसा काढावा

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले, तेव्हा त्यातून ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढलेला होता. यानातील एक आणि दांड्याच्या टोकाची एक अशा दोन अँटेनांनी एकाच रडार-लहरीचा परतावा टिपला आणि त्या दोन नोंदींतील सूक्ष्म फरकावरून जमिनीची उंची काढण्यात आली. एसआरटीएम या नावाची ही सामग्री विनामूल्य मिळते आणि हौशी अभ्यासकाने तिच्यापासूनच सुरुवात करावी.

अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर खाते उघडून एक आर्क-सेकंद, म्हणजे सुमारे ३० मीटर, सूक्ष्मतेची टाइल, म्हणजे उंचीच्या सामग्रीचा चौकोनी तुकडा, उतरवून घ्यावी. टाइलचे नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून ठरते. कळसूबाई एन१९ई०७३ मध्ये, म्हणजे १९ अंश उत्तर व ७३ अंश पूर्व असा कोपरा असलेल्या टाइलमध्ये येते.

टाइल क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणकप्रणालीत उघडल्यावर लगेच समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढण्याचा मोह आवरावा. मूळ सामग्रीत आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये असल्यामुळे उतार व छायांकन (डोंगरावर ऊन-सावली पडल्यासारखे चित्र) दोन्ही चुकतात. म्हणून आधी ती यूटीएम विभाग ४३ उत्तर या, आडवे अंतरही मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात आणावी; क्यूजीआयएसच्या यादीत त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३ असा आहे. त्या वेळी सर्वांत जवळच्या पिक्सेलची (सामग्रीतील एका चौकटीची) उंची जशीच्या तशी उचलणाऱ्या ‘नियरेस्ट नेबर’ऐवजी आसपासच्या पिक्सेलांवरून उंची काढणारा ‘बायलिनियर’ पर्याय निवडावा, नाहीतर छायांकनात उभ्या-आडव्या पट्ट्या उमटतात आणि डोंगराला कोणी कंगवा फिरवल्यासारखे दिसते. त्यानंतर रास्टर मेनूतून २० मीटर अंतराच्या समोच्चरेषा काढाव्यात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशांवर सहसा हेच अंतर असल्याने तुलना सोपी जाते.

आता शिखरावरचा पिक्सेल तपासावा. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, पण नकाशात ती कमी दिसल्यास चकित होऊ नये, कारण एका पिक्सेलमध्ये माथा आणि त्याखालचा उतार यांची सरासरी पडते. याच टाइलमधल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे तर अधिकच संशयाने पाहावे. रडार तिरके पाहते, त्यामुळे अशा कड्यांच्या काही भागांवर त्याची सावली पडते आणि नंतर ती पोकळी इतर सामग्रीने किंवा अंदाजाने भरलेली असू शकते. दाट झाडी असेल तिथे मिळणारी उंची निव्वळ जमिनीची नसते, कारण लहर झाडांच्या पानांच्या थरातच बरीचशी अडते. भंडारदऱ्याच्या जलाशयाचा तळही दिसत नाही, दिसतो तो सपाट केलेला पाण्याचा पृष्ठभाग. आणि घाटघरचे जलाशय मोजणीनंतर झालेले असल्यामुळे तिथे जुनीच दरी आहे.

सर्वांत मोठी गफलत मात्र उंचीच्या आधारपातळीत होते. एसआरटीएमची उंची ईजीएम९६ या जिऑइडपासून, म्हणजे ढोबळमानाने सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, तर कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तयार केलेल्या इस्रोच्या कार्टोडेम या उंचीच्या सामग्रीतील उंची डब्ल्यूजीएस८४ या गणिती विवृत्ताभापासून, म्हणजे पृथ्वीचा किंचित चपटा गोल मानून गणिताने ठरवलेल्या पृष्ठापासून, असते. मुंबईच्या आसपास जिऑइड त्या विवृत्ताभाच्या ६० मीटरांहून अधिक खाली आहे. दोन्ही सामग्री न तपासता एकमेकींतून वजा केल्यास डोंगर तेवढ्या मीटरांनी खचल्याचा निष्कर्ष निघतो, म्हणून वजाबाकीपूर्वी दोन्हींची आधारपातळी एक करून घ्यावी.

समुद्राची उंची मात्र या मार्गाने मिळत नाही. एन१८ई०७२ ही टाइल उघडली तर अलिबागसमोरचा समुद्र सरसकट शून्य दिसतो. तिथे अल्टिमीटर, म्हणजे उपग्रहावरून सरळ खाली रडार-स्पंद पाठवून उंची मोजणारे उपकरण, लागतो. भारत व फ्रान्स यांचा सरल हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला; सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून पाठवलेला स्पंद पाण्यावरून परतायला लागणारा वेळ तो मोजत असे. त्या वेळेवरून पाण्यापर्यंतचे अंतर काढून ते कक्षेच्या उंचीतून वजा केले, बाष्पाने होणाऱ्या विलंबाची दुरुस्ती केली आणि भरती-ओहोटीचा भाग काढला, की समुद्रपृष्ठाची उंची हाती येते. मात्र किनाऱ्यालगत जमिनीचा परतावा त्याच स्पंदात मिसळतो. त्यामुळे अलिबागच्या अगदी काठावरील पाण्याची पातळी हवी असल्यास भरतीमापकाच्या नोंदी पाहाव्यात.