खळ्यातल्या कोर्टावर दुहेरीची जोडी कशी घडवावी

आमच्या खळ्यात पहाटे साडेपाचला वारा पडलेला असतो. सातनंतर तो उठला की बॅडमिंटनचं फूल भलतीकडेच जातं, म्हणून दीड तासात सगळं उरकायचं. मी वर्ध्याला कॉलेजकडून दुहेरी खेळले. लग्नानंतर आर्वी तालुक्यातल्या या गावात आले. मामाजींनी खळं दिलं ते एका अटीवर: सोयाबीन आलं की नेट काढायचं. त्यामुळे आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगापर्यंत चालतो. ज्यांना आपल्या गावात असं काही उभं करायचं आहे, त्यांच्यासाठी लिहिते.

आधी कोर्ट. दुहेरीचं मैदान १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असतं. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर सकाळचं ऊन एका बाजूच्या पोरांच्या थेट डोळ्यांत जातं. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवला की फक्की मारायच्या आधी दोरीनं दोन्ही कर्ण मोजा. ते १४.७२ मीटर भरले की कोपरे काटकोनात आहेत. बांबूला बांधलेली नेट मधोमध झोळ खाते. खांबापाशी १.५५ मीटर आणि मध्ये १.५२४ मीटर उंची लागते. मी एका काठीवर मधल्या उंचीची खूण केली आहे आणि रोज लावून बघते. दोन बोटं खाली आलेल्या नेटवर शिकलेली सर्व्हिस जिल्ह्याला गेल्यावर नेटमध्येच जाते.

फुलं नायलॉनची घ्या. उन्हाळ्यात हवा तापली की फूल जास्त लांब जातं, तेव्हा हिरव्या पट्टीचं हळू फूल वापरा. पौषाच्या थंडीत निळ्या पट्टीचं बरं.

आता जोडी. इथं मी चुकले आहे, म्हणून जरा थांबून सांगते. चक्कीवाल्यांची मुलगी आणि पोलीस पाटलांची पुतणी, दोघी दोन वर्षं एकत्र खेळत होत्या. तालुक्याला पहिल्याच फेरीत हरल्या आणि मी घाईनं जोडी मोडली. ‘उंच मुलीबरोबर उंच मुलगी’ असा हिशेब केला. नव्या जोड्यांमध्ये कोण कुठं धावणार हे कुणालाच कळेना. महिन्याभरात पुतणीनं येणं सोडलं. तिला परत आणायला मी त्यांच्या घरी तीनदा गेले. आता माझा नियम आहे: किमान एक अख्खा हंगाम जोडी मोडायची नाही.

भारताच्या पुरुष दुहेरीतले सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांचंच बघा. एक आंध्रातल्या अमलापुरमचा, दुसरा मुंबईचा आणि दोघंही मागून स्मॅश, म्हणजे वरून जोरात खाली फटका, मारणारे. मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्यांना एकत्र खेळवलं. दोघं मागेच राहिले तर नेटवर कोण, हा प्रश्न होताच. चिरागनं नेटजवळचा खेळ अंगी बाणवला. त्यातून २०२२ चा थॉमस कप (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा), २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणि त्याच वर्षी जगातला पहिला क्रमांक आला. म्हणून मी आठवड्यातून एक दिवस मागच्या मुलीला पुढं आणि पुढच्या मुलीला मागं खेळवते.

पालक विचारतात, “मॅडम, दोघींचं काहून? माही पोरगी एकटी नाही जिंकू शकत का?” मी त्यांना ज्वाला गुट्टाचं नाव सांगते. तिचा जन्म आपल्या वर्ध्यातला. नाव कमावलं ते दुहेरीतच. अश्विनी पोनप्पाबरोबर २०१० मध्ये दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण, २०११ मध्ये लंडनला जागतिक स्पर्धेचं कांस्य.

ज्वाला डावखुरी, अश्विनी उजवी. तुमच्याकडे डावखुरी पोर असेल तर तिचा हात बदलायला जाऊ नका. बचावात ती उजव्या बाजूला आणि उजव्या हाताची जोडीदार डाव्या बाजूला उभी राहिली की दोघींचे फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताकडची बाजू, मध्ये येतात आणि मधली फट बुजते. मात्र बाजू उलटल्या की दोघींचे बॅकहँड मध्ये येतात. तेव्हा मधलं फूल कुणाचं हे आधीच ठरवून ठेवा. आमच्या पोरी “माहं!” “तुहं!” असं ओरडतात. ओरडू द्या. गप्प खेळणाऱ्या जोडीच्या मधोमध फूल पडतं.

सरावाचा तिसरा हिस्सा सर्व्हिसला द्या. सर्व्हिस करताना फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. दुहेरीत सर्व्हिसची मागची रेघ शेवटच्या रेघेच्या ७६ सेंटीमीटर आत असते. त्यामुळे घेणारी मुलगी पुढच्या रेघेला चिकटून उभी राहते आणि जरा उंच आलेल्या फुलावर तुटून पडते. नेटच्या वीतभर वर सुतळी बांधा आणि फूल दोन्हींच्या मधून काढायला लावा. रोज पन्नास.

जागांचं सूत्र सोपं आहे, अंगवळणी पडायला मात्र वर्ष जातं. आपण फूल खाली मारतोय तेव्हा एक पुढं, एक मागं. आपल्याला फूल वर उचलावं लागलं की लगेच शेजारी-शेजारी. मी आधी फुलाशिवायच, नुसत्या टाळीवर जागा बदलायला लावते.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत जातात. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. तिथं पिसांचं फूल असेल तर पंधरा दिवस आधी तशा फुलांची एक नळी आणा. ते नायलॉनपेक्षा सरळ खाली पडतं, त्याची सवय लागते. आमच्या कोरड्या हवेत पिसं तुटतात, म्हणून आदल्या रात्री नळीला चहाच्या पातेल्याची थोडी वाफ द्या.

बूट मात्र वेगळे ठेवा. मुरमावरचे बूट स्पर्धेच्या हॉलमधल्या मॅटवर चालत नाहीत, शिवाय तिथं डाग न पाडणारा तळवाच लागतो. आणि एक तास आधी पोहोचा. आभाळाखाली शिकलेल्या पोरींना छपरातल्या दिव्यांत फूल दिसत नाही. पहिली दहा मिनिटं दोघींना नुसतं उंच फूल मारू द्या, नजर बसेपर्यंत.