गच्चीवर 'हो-नाही'ची कोडी खेळायची तर

मुलुंडला राहणारी एक बाई. नोकरी दादरला. ठाणं म्हणजे दादरच्या उलट दिशेला मुलुंडच्या पुढचं स्टेशन; तिथे तिचं कुणी नाही, कसलं काम नाही. तरी रेल्वेचा पास मात्र ती ठाणे ते दादर असाच काढते. का?

मे महिन्यात पाचपाखाडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी हे कोडं घातलं. सोडवायला सहा मुलं, दोन काकू आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. उत्तर एकट्या मला ठाऊक. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि मी 'हो', 'नाही' किंवा 'संबंध नाही' एवढंच म्हणायचं. खेळ इतका साधा आहे, पण तो रंगतो की विस्कटतो हे बरंचसं सांगणाऱ्यावर असतं, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

'संबंध नाही' हे उत्तर सढळ हाताने द्या. बाईचं वय काय, ती डबा नेते का, यात मुलं अर्धा तास अडकतात. तिथे नुसतं 'नाही' म्हटलं तर ती त्यातूनही अर्थ काढत बसतात. मी चौथं उत्तरही ठेवलंय: 'प्रश्नात घोळ आहे'. "ठाण्याला उतरून ती देवळात जाते का?" याला 'नाही' म्हटलं की उतरते हे मी कबूल केल्यासारखं होतं. अशा वेळी प्रश्न मोडून पुन्हा विचारायला लावायचा.

नकारार्थी प्रश्न तर घेऊच नका. "तिला घाई नसते का?" याला मराठीत 'हो' म्हटलं तर 'हो, नसते' की 'हो, असते'? गेल्या वर्षी मी अशाच एका प्रश्नाला घाईत 'हो' म्हणून गेले. सगळी टोळी उलट्या वाटेला लागली आणि एक मुलगा रडवेला होऊन खाली निघून गेला. चूक झाली की तिथल्या तिथे थांबून सांगावी. मी ती उशिरा सांगितली, याचं मला अजून वाईट वाटतं.

कोडं रचताना आपल्या भाषेकडे नीट बघा. गोष्टीतला माणूस बाई आहे हे लपवायचं असेल तर इतर भाषांतून आलेलं कोडं मराठीत पहिल्याच वाक्यात फुटतं, कारण 'गेला' की 'गेली' हे सांगावंच लागतं. त्यावर आपल्याकडे आदरार्थी बहुवचन आहे. 'डॉक्टर रोज इथे उतरतात' यात बाई की पुरुष, काही कळत नाही. फक्त भूतकाळात शिरू नका, 'उतरले' किंवा 'उतरल्या' आलं की संपलं. 'परवा' हा तर कोडी रचणाऱ्याचा लाडका शब्द, मागचा दिवसही तोच आणि पुढचाही तोच.

आता सोडवणाऱ्यांचं. मुलं थेट उत्तरावर उडी मारतात: "तिचा नवरा ठाण्याचा आहे का?" "पास चुकून काढला का?" असा एकेक अंदाज म्हणजे एकेक प्रश्न वाया. प्रश्न असा हवा की हो आलं तरी कळेल, नाही आलं तरी कळेल. "पैसे वाचवायला ती असं करते का?" हा चांगला प्रश्न. उत्तर 'नाही' आलं आणि तिकिटाच्या हिशोबाचा अख्खा विषय बाजूला पडला. प्रत्येक प्रश्नाने शक्यता बरोबर अर्ध्या होत गेल्या तर 20 प्रश्नांत 10,48,576 गोष्टींतून एक शोधता येते. हे मी पाटीवर दोनाची दुप्पट, त्याची दुप्पट करत दाखवलं, तेव्हापासून मुलं प्रश्न जपून वापरतात.

पण नुसतं अर्धं अर्धं करूनही गाडी अडते, कारण उत्तर आपण धरलेल्या शक्यतांमध्ये नसतंच. 1967 साली 'लॅटरल थिंकिंग', म्हणजे सरळ वाट सोडून आडवाटेने विचार करणं, हा शब्द देणारे माल्टाचे डॉक्टर एडवर्ड डी बोनो म्हणायचे की तोच खड्डा आणखी खोल खणून दुसऱ्या जागी खड्डा होत नाही. अडलात की कोडं पुन्हा मोठ्याने वाचा आणि एकेका शब्दावर बोट ठेवून विचारा, 'यात मी न सांगितलेलं काय धरून चाललोय?' आम्ही सगळे धरून चाललो होतो की ठाण्याला जायचं म्हणजे ठाण्याला उतरायचं.

मधूनमधून एकाने आतापर्यंतचं सगळं सांगायचं, हे काम आमच्याकडे आजोबांचं. "रोज सकाळी ठाण्याला जाते. उतरत नाही. जास्त पैसे भरते. बदल्यात काहीतरी मिळतं, पण ती वस्तू नाही." हे ऐकल्यावर लाजरी मुलंही विचारू लागतात. त्यांचा प्रश्न कुणी मध्येच तोडला तर मी त्या फेरीपुरतं तोडणाऱ्याला गप्प बसवते. एकाच्या हुशारीने उत्तर आलं तर बाकीच्यांच्या हाती काय लागलं?

इशारा मागितल्याशिवाय देऊ नये आणि कंटाळा आला तरी उत्तर फोडू नये. कोडं रात्रभर मुरू द्यावं. पहिल्या संध्याकाळी साडेआठला आया हाका मारू लागल्या, तेव्हा मी काहीही न सांगता चटई गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. पाचवीतली मुलगी, हातात दुधाची पिशवी.

"मावशी, एकच प्रश्न. ठाण्याला ती गाडी बदलते का?"

"नाही."

"म्हणजे ठाण्याला संपणारी लोकल, तीच परत मुंबईला जाते. ती मुलुंडला चढते आणि बसूनच राहते! तिला खिडकी मिळते!"

"हो," मी म्हटलं. ही बाई म्हणजे माझी मुलुंडची वहिनी. मुलगी मात्र दूध तिथेच माझ्या हातात देऊन जिना उतरत सुटली, बाकीच्यांना उत्तर सांगायला नाही, तर संध्याकाळी त्यांना कुठला प्रश्न विचारायला लावायचा ते ठरवायला.