उसाची ट्रॉली ओढताना: फडापासून काट्यापर्यंत

पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः साधारण दोन-सव्वादोन टनांचा असतो. त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, आणि दोन्हींत मिळून पंधरा-वीस टन ऊस. सपाट रस्त्यावर खालच्या गिअरात ट्रॅक्टर हे सगळं ओढतो, म्हणून नव्या ड्रायव्हरला वाटतं की जमलं. पण ओढायची ताकद इंजिनात असते, आणि थांबायची ताकद फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांत. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे दोन टनांच्या गाडीने वीस टनांना आवरायचं. मी नव्या पोराला ट्रॅक्टरवर बसवतो तेव्हा आधी हा हिशोब सांगतो, मग किल्ली देतो.

दसऱ्याला हुकाखाली आडवं व्हा

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. त्याच दिवशी अंगाखाली पोतं टाकून ट्रॉलीच्या हुकाखाली शिरायचं. मोळी पडायला, म्हणजे कारखान्याचं गाळप सुरू व्हायला, त्यानंतर थोडेच दिवस उरलेले असतात, आणि एकदा खेपा सुरू झाल्या की वेल्डरही सापडत नाही नि वेळही.

बघायचा तो ट्रॅक्टरला अडकवायच्या दांड्याचा आणि ट्रॉलीच्या चासीचा जोड. तारेच्या ब्रशने माती-गंज काढा, डिझेलचं फडकं फिरवा, थोडं मुरू द्या आणि वरून कोरडं पुसून घ्या. मग जोडावर पांढरा खडू फासा. तासाभराने बघा. भेग असेल तर आत मुरलेलं डिझेल खडूवर बारीक काळसर रेघ काढतं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी भेग अशी दिसते. सापडली तर वरून टाका मारून भागवू नका. भेग ग्राइंडरने पूर्ण कोरून काढायची, आतून भरायची आणि बाजूने पट्टीचा आधार द्यायचा. वरवरचा टाका महिनाभर टिकतो आणि नेमका भरल्या ट्रॉलीखाली सुटतो.

आता दांडा हुकात अडकवणारी पिन. बांधकामाच्या सळईचा तुकडा पिन म्हणून वापरलेला मी आजही बघतो, आणि दरवेळी पोटात गोळा येतो. सळई वाकते, झिजते, आणि तिला वर डोकं नसतं. पिन कडक पोलादाची, डोक्याची आणि खाली क्लिप बसणारी हवी. क्लिपच्या जागी सुतळी किंवा तार बांधू नका. पिनेवर नख फिरवा. झिजून खाच पडलेली लागली तर ती पिन भंगारात टाका, दुसऱ्या ट्रॉलीलाही देऊ नका. माझ्या दुसऱ्या हंगामात कारखान्याच्या रांगेत उभा असताना सहज खाली वाकलो, तर पिन मधोमध वाकलेली दिसली. तीच पिन घेऊन मी अर्ध्या तासापूर्वी हायवे ओलांडला होता. तेव्हापासून दर खेपेला वाकून बघतो.

पिनेच्या जोडीला दोन साखळ्या लावा, दांड्याखालून फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. पिन सुटली तरी दांडा जमिनीत न रुतता त्या साखळ्यांच्या झोळीत पडतो आणि ट्रॉली मोकाट सुटत नाही. दुसऱ्या ट्रॉलीलाही साखळ्या हव्यातच. तीच जास्त वेळा सुटते, आणि ड्रायव्हरला कळतंही नाही.

चाकं एकेक करून जॅकवर उचला. खाली ठोकळे ठेवल्याशिवाय हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग सैल आहे किंवा गेलंय. कमानपाट्यांत तुटलेलं पान शोधा, यू-बोल्ट आवळा, शॅकलला आणि टर्नटेबलला ग्रीस भरा. टायर बहुतेक वेळा ट्रकवरून उतरलेले जुने असतात. त्यांची नक्षी सगळे बघतात, पण फुटतो तो बाजूने. कडेला चीर असेल किंवा फुगा आला असेल तर तो टायर वापरू नका. चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळा, आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर पुन्हा एकदा.

ट्रॅक्टरचं रोजचं

फडात सगळीकडे पाचट उडतं. ते रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतं आणि भर उन्हात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत जातो. रोज संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर जाळी साफ करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं. एअर क्लीनर ऑइल बाथचा असेल तर तेलाची पातळी आणि तळाचा गाळ बघा. कोरड्या फिल्टरचा असेल तर हलक्या हवेने आतून बाहेर साफ करा, आपटू नका. फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ पिस्टन-रिंगा खाते आणि मग धूर येतो.

इंजिन ऑइल किती तासांनी बदलायचं हे कंपनीच्या पुस्तकात असतं. ते तास मीटरवर मोजायचे, महिन्यांवर नाही. हंगामात ट्रॅक्टर रांगेतसुद्धा चालू असतो आणि तास भराभर चढतात. डिझेल फिल्टरच्या वाटीतलं पाणी अधूनमधून सोडा. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा, बोटाच्या जाडीएवढाच दबला पाहिजे. आणि क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय मोडा. एका हंगामात क्लचप्लेट जाते ती त्याच सवयीने.

टायरच्या हवेचं एक सांगतो. नांगरटीला मागच्या टायरमध्ये हवा कमी ठेवतात. त्याच हवेवर ऊस ओढला तर टायर कडेने झिजतो आणि वळणावर ट्रॅक्टर डोलतो. वाहतुकीची हवा वेगळी असते, पुस्तकात बघून भरा.

जोडताना

मागे घेणाऱ्या ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉलीच्या मध्ये कोणीही उभं राहायचं नाही. "थोडं ये, थोडं ये" म्हणत दांडा धरून उभा असलेला माणूस, पाय क्लचवरून सटकला की सरळ दोन लोखंडांच्या मध्ये जातो. दांडा जॅकवर किंवा टेकूवर योग्य उंचीला ठेवा. सांगणारा माणूस बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहील. ट्रॅक्टर पूर्ण थांबला, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, की मग पिन टाकायला जायचं.

हुक नेहमी खाली, कंपनीने दिलेल्या ड्रॉबारला किंवा ट्रॉलीच्या हुकाला. टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी वर कुठेही जोडू नका. ओढ जितकी वर, तितकं ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं.

भरताना

दोन चाकी ट्रॉलीचा तोल एकाच आसावर असतो. मोळ्या मागे जास्त रचल्या तर दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन ब्रेक लागेनासा होतो. पुढे जास्त रचल्या तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग हाताला लागत नाही. म्हणून आसाच्या थोडा पुढे झुकता भार ठेवायचा, पण थोडाच. ऊसतोड टोळीच्या मुकादमाला हे पहिल्या दिवशीच समजावून सांगा. तोड त्यांची, रचणं त्यांचं, पण रस्त्यावर ते ओझं तुमच्या हातात असतं. पुढे वजनाच्या प्लेटा लावा. मागच्या टायरमध्ये पाणी भरून घेतल्यानेही पकड वाढते, पण त्याने ट्रॉलीतला जादा भार हलका होत नाही.

जादा भाराचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. मला मात्र दंडापेक्षा वरच्या थराची काळजी वाटते. तो थर आणखी चढवला की ट्रॉलीचा जडपणा वर जातो, आणि कॅनॉलच्या कडेच्या उतरत्या रस्त्यावर ती कलंडायला एक खड्डा पुरतो. शिवारातल्या लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांचाही विचार करा. भरून झाल्यावर साखळीने किंवा वायररोपने आवळा आणि बाहेर आलेली कांडी कापून टाका. रस्त्यावर पडलेल्या एका उसावरूनही मोटारसायकल घसरते.

फडातून बाहेर काढताना

पाणी दिलेल्या फडात ट्रॅक्टर रुततो आणि सगळेजण घाईला येतात. इथे थांबायचं. चाक फिरतंय पण ट्रॅक्टर हलत नाही असं दिसलं की लगेच रेस सोडा. जितकं फिरवाल तितकं ते आणखी खोल जातं.

मागच्या चाकापुढे लाकडी ओंडका साखळीने बांधून बाहेर निघायचा जो प्रकार करतात, तो कधीही करू नका. ओंडका अडकून चाक जागेवर धरलं जातं, मग इंजिनची सगळी ताकद चाकाऐवजी ट्रॅक्टरलाच फिरवते. तोंड वर उचलून ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो, क्लच दाबायचं सुचायच्या आत. योग्य पद्धत अशी: मागची ट्रॉली सोडा, चाकापुढची माती फावड्याने उतरती करा, पाचट अंथरा, डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) लावा आणि पहिल्या गिअरात सरळ रेषेत हळू काढा. वळण्याआधी लॉक सोडा. तरीही नाही निघाला तर दुसरा ट्रॅक्टर पुढे लावा. साखळी त्याच्या ड्रॉबारला खालीच अडकवा, झटका न देता ताणा, आणि साखळीच्या दोन्ही बाजूंची माणसं लांब करा. ताणलेली साखळी तुटली की ती कोणाच्या अंगावर येईल हे सांगता येत नाही.

रस्त्यावर

शेतात वळायला सोपं म्हणून डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं वेगळी ठेवलेली असतात. रस्त्यावर येण्याआधी ती एकमेकांना लॉक करा. नाहीतर घाईत एकच पेडल दाबलं जातं, ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो आणि ट्रॉल्या त्याला ढकलत आडव्या करतात.

वेग वीसच्या खाली ठेवा. वीसवरून तीसवर गेलात तर वाढ दहाचीच दिसते, पण थांबवायचा जोर सव्वादोन पट होतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरात तो चढ चढला असता, त्याच गिअरात तो उतरायचा. पन्हाळा-गगनबावड्याकडच्या उतारांवर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आहेत. न्यूट्रल झालेली जोडी पुन्हा गिअरात पडत नाही, आणि नुसत्या ब्रेकवर वीस टन उतारावर थांबत नाहीत. उतारात क्लचही दाबू नका.

वळणावर मागची ट्रॉली पुढचीपेक्षा जास्त आतून कापते. कोपऱ्यावर उभी माणसं, चहाची गाडी, सायकली यांच्याकडे आधी बघा, मग रुंद वळण घ्या.

रात्रीचं मात्र मनावर घ्याच. मागून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या माणसाला उसाची काळी भिंत दिसतच नाही. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी रिफ्लेक्टरची पट्टी लावा, आणि दर खेपेला ती फडक्याने पुसा, कारण धुळीने माखलेली पट्टी चमकत नाही. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) पट्टीवर लोंबत असतील तर छाटा. मागच्या ट्रॉलीला चालू दिवा हवा, वायरिंग तुटलं असेल तर बॅटरीवरचा लाल दिवा बांधा. खात्री करायची तर शंभर पावलं मागे जाऊन मोबाइलचा टॉर्च मारून बघा.

गाण्यांचा डेक मोठ्याने लावू नका. मागून हॉर्न वाजतोय, ट्रॉलीचा टायर फुटलाय, पिन खडखडतेय, हे सगळं ड्रायव्हरला कानांनी कळतं.

बंद पडलात तर आधी डाव्या कडेला पूर्ण उतरवा, मागे पन्नास-साठ पावलांवर त्रिकोण किंवा फांद्या ठेवा, आणि चाकांना दगड लावा. निघताना ते दगड आणि फांद्या स्वतः उचलून कडेला टाका. रस्त्यात सोडलेल्या दगडाने पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

ट्रॉलीवर आणि दांड्यावर माणूस बसवू नका. बीडकडून येणारी टोळी बिऱ्हाडासकट ट्रॉलीतून येते, लहान पोरं भांड्यांवर बसलेली असतात. टोळी आणायला टेम्पो किंवा बस ठरवायला जे पैसे लागतात ते वाहतूकदाराने आणि कारखान्याने मिळून द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

यार्डात

कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र होते. सावलीला आणि थंडीला आडोसा म्हणून ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोपतात. रांग पुढे सरकते तेव्हा मागच्याला ते दिसत नाहीत. अंथरूण रांगेच्या बाहेर टाका. रात्रभर जागून काटा (वजन) झाला असेल तर रिकामी ट्रॉली घेऊन लगेच निघू नका, दोन तास झोपा. रिकामी ट्रॉली हलकी असते, ड्रायव्हर घाईत असतो आणि खड्ड्यात ती उड्या मारत आडवी फिरते. खाली झाल्यावर उतरून प्रत्येक हबजवळ हात न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर त्याचं बेअरिंग पुढची खेप काढणार नाही.

पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर)

मळी आणि उसाचा रस लोखंड खातो, म्हणून ट्रॉली पाण्याने धुऊन वाळवा, उघड्या जोडांवर रंग मारा आणि ग्रीस भरा. आसाखाली ठोकळे देऊन टायर जमिनीपासून उचला. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो, त्याची मुदत ह्याच वेळी बघून घ्या. मी फाळक्याच्या (ट्रॉलीच्या उघडणाऱ्या कडेच्या) आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवतो: पिन कधी बदलली, कुठल्या चाकाचं बेअरिंग नवं, कुठला पाटा दुरुस्तीला आलाय. पुढच्या खंडेनवमीला पोत्यावर आडवं होण्याआधी तेवढं वाचायचं.