प्रकल्पासाठी शोधगंगेत शोधताना
नववी-दहावीची मुले प्रकल्पाचा अख्खा प्रश्नच शोधचौकटीत लिहितात आणि हाती काही न लागल्याने कंटाळतात. ‘१९७२ च्या दुष्काळाचा महाराष्ट्रावर काय परिणाम झाला?’ यातून ‘दुष्काळ’, ‘महाराष्ट्र’, ‘१९७२’ एवढेच शब्द त्यांना कागदावर काढायला सांगावेत, शेजारी ‘अवर्षण’सारखे पर्याय आणि इंग्रजी प्रतिशब्द लिहवून घ्यावेत आणि मगच शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोध घ्यावा. तेथे प्रबंध बहुधा प्रकरणवार फायलींत ठेवलेला असतो. त्यामुळे सगळा डाउनलोड न करता प्रस्तावना आणि संदर्भसूची तेवढी उघडावी (खरा खजिना सूचीतच असतो). मात्र मजकूर टिपतानाच प्रबंधाचे शीर्षक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक वहीत लिहायला लावावा.